मुका घेवडा

बेदाण्याची पेटी तपासायची तर वरची मूठ उचलायची नसते. वरचा थर म्हणजे मुलगी बघायला पाहुणे येणार असलेलं घर, सगळं झाडून-पुसून ठेवलेलं. हात कोपरापर्यंत आत घालायचा. एक मूठ तळातली, एक कडेची, एक मधली, आणि उचलताना डोळे मिटायचे, म्हणजे हाताला लबाडी सुचत नाही. अनसाक्का माने चाळीस वर्षं हेच करत आली होती. शाळा तिनं चौथीत सोडली, की शाळेनं तिला सोडलं, यावर आता वाद घालायला कुणी शिल्लक नव्हतं. तासगाव भागातल्या त्या शेडमध्ये निवडीचं निम्मं काम आता कॅमेऱ्याचं मशीन करायचं. हिरवा, पिवळा, काळा, डोळ्याची पापणी लवायच्या आत वेगळे. तरी माल उचलायच्या आधी व्यापारी विचारायचाच, "आक्कानं हात घातलाय का?"

त्या सोमवारी डॉक्टरबाई आल्या तेव्हाही आक्काचा हात एका पेटीत होता. तिनं तो काढला नाही.

"बसा. आज लौकर आलासा."

डॉ. रेवती हंचाटे सोलापूरची. वय तिशीचं, चेहरा पन्नाशीचा. मनाची डॉक्टर, पण गोळ्या देणारी नव्हे, मोजणारी. माणसाचं दुःख किती, झोप किती, आणि कशानं किती फरक पडला, हे मोजायचं तिचं काम. ती उलट्या घातलेल्या क्रेटवर बसली आणि शेडभर नजर फिरवत राहिली. छत्तीस बायका दोन ओळींत बसून काड्या वेचत होत्या. प्रत्येकीच्या उजव्या कानामागं केसांत एक खळगी पडलेली, टिकलीएवढी. घेवड्याची खूण.

घेवडा हे नाव बायकांनी दिलेलं. यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते कंपनीच्या माणसालाही एका दमात घेता यायचं नाही. दिसायला घेवड्याच्या बीसारखं, झोपताना कानामागं चिकटवायचं. कानाच्या मागून एक नस खाली काळजापर्यंत, पोटापर्यंत जाते. माणूस घाबरला, दचकला, रडून रडून थकला, की ह्याच नसेवरून शरीराला सांगावा जातो, आता गप्प हो, भागलं. ज्यांच्यावर मोठा घाला पडलेला असतो त्यांच्यात हा सांगावाच पोचत नाही. शरीर रात्रभर दार उघडं ठेवून बसतं. घेवडा नसेला अगदी बारीक टिचक्या मारायचा आणि ते दार लावून घ्यायला लावायचा. माणूस विसरत काही नसे, फक्त झोपत असे. असं कंपनीचं म्हणणं होतं. ते खरं की खोटं, हे बघायला अकरा शेडमधल्या चारशे बायका घेतल्या होत्या.

"खरं की खोटं ते कळायचं तर निम्मे घेवडे मुके ठेवावे लागतील," पहिल्या दिवशी रेवतीनं सांगितलं होतं. "दिसायला तसेच, पण आत काम बंद. कुणाला खरा, कुणाला मुका, हे चिठ्ठ्या टाकून ठरेल. मलाही कळणार नाही. मला कळलं तर माझ्या चेहऱ्यावरून तुम्हाला कळेल. सोळा आठवड्यांनी दोन्हीकडची झोप ताडून बघायची. फरक निघाला तर घेवड्याचा."

आक्काला हे लगेच पटलं होतं. डोळे मिटून मूठ उचलायची, तसंच ते.

मग रेवतीनं चार पानी संमतीपत्र वाचून दाखवलं. तुमची मर्जी असली तरच, मधेच सोडायचं तर सोडा, कुणी जबरदस्ती करणार नाही. बायका ऐकत होत्या, पण बघत होत्या आक्काकडं. आक्कानं मान हलवली, "करा गं सह्या," आणि दहा मिनिटांत पस्तीस सह्या झाल्या. छत्तिसावी आक्काची सून शालन. तिच्या हातात आक्कानंच पेन दिलं. स्वतः आक्कानं घेवडा घेतला नाही. मुकादमीण म्हणून ती फक्त साक्षीला. तरी दर आठवड्याचा प्रश्न तिलाही विचारला जायचा, झोप कशी आहे, आणि ती दर आठवड्याला सांगायची, "झकास."

"आक्का," आता क्रेटवरून रेवती म्हणाली, "तुमच्या शेडचे आकडे विचित्र आलेत."

"विचित्र म्हंजे?"

"बाकी दहा शेडमध्ये खरे घेवडेवाल्या बायका मुक्यांपेक्षा सव्वा तास जास्त झोपतायत. तुमच्याकडं दोन्ही सारखे. तंतोतंत. इतकं सारखं तर निसर्गातसुद्धा काही नसतं."

"आमच्या बाया जगायेगळ्या."

रेवती हसली नाही. "कंपनी म्हणते, ही शेड यादीतनं काढून टाका. मी म्हटलं, कारण काय लिहू? ते म्हणाले, लिहायचं कशाला, मोठा अभ्यास आहे, कुणाला कळतंय. पण आकडे आवडले नाहीत म्हणून काढता येत नाहीत. नासकी पेटी बाजूला ठेवता येते, पण नासली आहे हे आधी दाखवावं लागतं. न काढावं तर तुमचे छत्तीस आकडे सगळ्यांत मिसळतात आणि फरक आधीच ठरवलेल्या रेषेच्या केसभर खाली येतो, म्हणजे घेवड्याचा काही उपयोग नाही असं लिहावं लागेल. मग काम बंद." तिनं चष्मा काढून डोळे चोळले. "म्हणून विचारायला आले. इथं काही वेगळं झालं का?"

ओळीतून रत्नी लोहारणीनं मान वर केली. जिभेला हाड नसलेली बाई, पण आक्कानं नुसतं बघितलं तशी ती परत काड्यांत बुडाली.

"काय बी न्हाई," आक्का म्हणाली.

रेवती उठली. "बुधवारी परत येते. तेव्हा शेवटचं लिहायचंय."

तिची गाडी, ती बिनड्रायव्हरची, फाटकाबाहेर वळेपर्यंत शेडमध्ये सगळ्या माना काड्यांवर होत्या. मग रत्नी म्हणाली, "आक्का, आज सोमवार हाय."

"ठावं हाय मला."

"न्हाई, म्हटलं, सरकायचं का न्हाई?"

"सरका की. तुला काय आमंत्रण धाडू?"

छत्तीस बायका उठल्या, आपापलं बसकूर उचललं, आणि एकेक जागा पुढं सरकल्या.

ही रीत आक्कानंच घालून दिलेली, पंचवीस वर्षांपूर्वी. शेडच्या एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला गंधकाच्या धुरीची खोली. त्या टोकाला बसणारीचे डोळे संध्याकाळपर्यंत टोमॅटो होत. आक्का मुकादमीण झाली त्या दिवशी तिनं ठरवलं, गंधकाच्या तोंडाला एकीनंच जन्म काढायचा नाही. दर सोमवारी एकेक जागा सरकायचं. पाटलाची सून असो नाहीतर वडाराची लेक, आजवर कुणाला सूट मिळाली नव्हती.

मग घेवडे आले, निम्मे खरे, निम्मे मुके. पहिल्याच सोमवारी रत्नीनं विचारलं, "मुकं जिच्या वाट्याला आलं तिनं काय पाप केलंय?" आणि आक्कानं तिथल्या तिथं ठरवलं. तेव्हापासून जागेबरोबर घेवडाही सरकायचा, आपला मागचीला द्यायचा, पुढचीचा घ्यायचा. बायकांची नावं बाहेर फुटू नयेत म्हणून घेवड्यात नाव घातलेलं नव्हतं, नुसता नंबर. दर आठवड्याला विचारलेली झोप बाईच्या पहिल्या नंबरापुढं लिहिली जायची. रात्री तिच्या कानामागं कुठला नंबर आहे ते वहीला काय कळणार.

फक्त शालनचा घेवडा सरकत नव्हता. तेवीस नंबर. का ते कुणी विचारलं नाही, आणि आक्कानंही सांगितलं नाही.

*

घरी आल्यावर आक्कानं चहा टाकला. शालन जोत्यावर बसली होती. दोन वर्षांपूर्वी कवठ्याच्या घाटात टँकर उलटला आणि आक्काचा लेक दिगंबर गेला. टँकरमध्ये दूध होतं, रस्ताभर पांढरं झालं होतं, म्हणे. तेव्हापासून शालन रात्री तीन तास झोपायची, तेही बसून. आतल्या अंधारात आक्का जागी राहून ते मोजायची. बोलायची ते कामापुरतं. माहेरचे न्यायला आले तर गेली नाही, आणि का राहिली तेही सांगितलं नाही. आक्कानं तिला समजावलं नाही, जवळ घेतलं नाही. ते तिला येतच नव्हतं. ती भांडी जोरात घासायची, एवढंच.

घेवडा आला तेव्हा मात्र तिनं एक लबाडी केली. "नीट ठेवते," म्हणून छत्तीसच्या छत्तीस एका रात्रीसाठी घरी आणले आणि परातीत मांडून, टॉर्चचा सेल बघतात तसा एकेक जिभेच्या टोकाला लावून बघितला. काही गप्प होते. काहींनी जिभेला आंबट चिमटा काढला. म्हणजे ह्यांच्यात जीव आहे. त्यातला सगळ्यात करकरीत, तेवीस नंबर, तिनं चिठ्ठ्यांना न जुमानता शालनच्या नावावर ठेवला.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीनंतर आक्का शालनला पुढ्यात बसवायची. कानामागची जागा मोकळी पाहिजे, असं कंपनीच्या कागदावर चित्र होतं. त्यासाठी केस विंचरायला हवेत, गुंता फार म्हणून तेल लावायला हवं. सोळा आठवडे रोज पाव तास. बोलणं काही नाही. आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून शालन आडवी होऊन झोपायला लागली. परवा तर मागच्या दारच्या मांजराला तिनं शिवी दिली. आक्काला ती शिवी कानात साठवून ठेवावीशी वाटली.

आता खरं सांगितलं तर घेवडा परत मागणार. नाही सांगितलं तर घेवड्याचा उपयोग नाही असं लिहिलं जाणार, तेही तिच्या शेडच्या नावानं. दहा शेडमधल्या बायका, त्यांच्यातही कुणीतरी जोत्यावर बसून रात्र काढणारी असेलच. आक्कानं उभ्या आयुष्यात वर चांगला माल आणि खाली काड्या अशी पेटी बांधली नव्हती. आताच बांधायची वेळ यावी?

"आत्ती, च्या उतू चाललाय," शालन बाहेरून म्हणाली.

दोन वर्षांत आक्काशी असं आपणहून ती पहिल्यांदाच काही बोलली असेल. आक्काला ते ऐकून आणखीच थकल्यासारखं झालं.

*

बुधवारी रेवती आली तेव्हा आक्का गंधकाच्या खोलीच्या दाराशी उभी होती, तिथं बाकीच्यांना ऐकू जात नाही म्हणून.

"सोमवारी आमच्यात सरकत्यात," ती म्हणाली.

"काय सरकतं?"

"बाया. आनि घेवडं बी."

रेवतीला कळायला जरा वेळ लागला. कळलं तशी ती भिंतीला टेकली. "सोळा आठवडे?"

"दिवाळीचा एक सोमवार सोडून. सुट्टी हुती."

"म्हणजे प्रत्येकीनं निम्मे आठवडे खरा लावला, निम्मे आठवडे मुका." ती मनाशीच बोलत होती. "म्हणून सारखं. अर्थात सारखंच येणार. आक्का, सोळा आठवड्यांनंतर मुकेवाल्यांना खरे घेवडे मिळणारच होते. लिहिलं होतं मी. तिसऱ्या पानावर."

"तिसरं पान कोन ऐकतंय? मी ऐकलं न्हाई. आनि मी न्हाई ऐकलं म्हंजे कुनीच न्हाई ऐकलं."

"हो," रेवती म्हणाली. "दहा मिनिटांत पस्तीस सह्या. मला तेव्हा बरंच वाटलं होतं. बाकीच्या शेडमध्ये दोन-दोन दिवस लागले, बायका प्रश्न विचारून जीव खायच्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं, इथं संमती एकीचीच आहे. नीती समितीला हे माझ्या नावावर लिहून द्यावं लागेल."

"माझं नाव घाला की. मी भिते व्हय कुनाला?"

"तुमची चूक तुम्ही सांगितलीत. माझी मला सांगू दे."

आक्कानं बायकांच्या ओळींवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "कोन कुठल्या सोमवारी कुठं बसली ते समदं पाठ हाय मला. सांगू? हिशेब लागंल तुमचा."

रेवतीच्या डोळ्यांत क्षणभर लोभ आला. तो आक्काला दिसला, माल बघणाऱ्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांत दिसतो तसा. "लागेल," रेवती हळू म्हणाली. "चांगला लागेल. एकाच बाईची खऱ्यातली झोप आणि मुक्यातली झोप ताडून बघायची, ही पद्धतच आहे. पण ते आधी लिहून ठेवायचं असतं, आणि बायकांना विचारून. वरात गेल्यावर मुहूर्त काढून चालत नाही. नाही तर उद्या जो तो आपल्याला हवा तो हिशेब मागाहून शोधेल. तुमची शेड बाजूला ठेवते. का ते सगळं लिहून."

"आनखी एक हाय. शालनचा घेवडा सरकला न्हाई. तो मी निवडून दिला. जिभेला लावून. तेवीस नंबर." आक्कानं पदराच्या गाठीतून घेवडा काढून पुढं केला. "ह्यो घ्या. जिवंत हाय, लई करकरीत. जमलं तर तिला येवढा ठेवा. तिचा जीव माझ्यावानी दगडाचा न्हाई."

रेवतीनं फोनवर यादी उघडली. खरे कुठले, मुके कुठले, ते परवाच उघड झालं होतं. तिनं तेवीस नंबर बघितला, परत बघितला.

"जिभेला लावून कसा होता?"

"आंबट. चिमटा काढणारा."

"आक्का, कोरड्या कातडीवर दोन्ही घेवडे सारखेच चुणचुणतात, फरक कळू नये म्हणून. पण खऱ्याला ओलं लागलं की तो आपोआप बंद होतो. घाम आला, पाणी गेलं, तर बाईला झटका बसू नये म्हणून तशी सोय आहे. मुक्यात वीज नावालाच, त्यात ही सोय बसवलेलीच नाही. जिभेवर जो गप्प बसला तो खरा." तिनं फोन आक्कापुढं धरला. "तेवीस नंबर मुका आहे. पहिल्यापासून."

शेडमध्ये मशीन चालू झालं. बेदाणे पत्र्यावरून सरसरत गेले.

"मग ती झोपली कशानं?"

"माहीत नाही."

"म्हंजे? डॉक्टर न्हवं तुमी?"

"म्हणूनच माहीत नाही म्हणते. माणूस आमच्याकडं येतो तो त्याच्या सगळ्यात वाईट दिवसांत. तिथून काहीजण आपोआपच थोडे वर येतात. काहींना आपल्याला औषध मिळालंय ह्या विश्वासानं झोप लागते. काहींना दिवस गेले की लागते. घरात काही बदललं असेल, ते मला दिसत नाही. एकीवरून काही सांगता येत नाही."

"एक मूठ."

"मूठ कुठली, आक्का. एक दाणा." रेवतीनं फोन खिशात ठेवला. "तरी गंमत बघा. ह्या शेडमध्ये न सरकलेली नोंद एकच, तुमच्या लबाडीची. तीन तासांवरून पावणेसहा तास. तेवढीच खरी."

"तिला सांगू नका. परत जोत्यावर बसंल ती."

"सोमवारी सगळ्यांना सांगावं लागणार. कुणाला काय मिळालं होतं हे ज्याचं त्याला कळलंच पाहिजे. ते तिचं आहे. माझं नाही आणि तुमचंही नाही."

"दोन वरसं तिचं समदं मीच बघतीया."

"बघताय. पण विचारलंय कधी?"

असं आक्काशी कुणी बोललं की शेडमध्ये दोन दिवस बोलणं बंद व्हायचं. पण त्या पोरीच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं, आणि सोलापूरला जाऊन तिला स्वतःविरुद्ध कागद लिहायचा होता.

"सोमवारच्या आत मी सांगते," आक्का म्हणाली.

*

गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवारही गेला. रेवतीनं सोमवारपर्यंत राहू दे म्हणून मुका घेवडा परत दिला होता, आणि आक्का तो रोज लावत होती. शालन झोपायची.

रविवारी दुपारी न्हाणं झाल्यावर शालन पुढ्यात येऊन बसली. आक्कानं तेलाची वाटी घेतली, बोटं बुडवली, आणि तशीच ठेवली.

"तो घेवडा मुका हाय."

शालनची पाठ हलली नाही. "कोन म्हटलं?"

"डॉक्टरीन."

"पयल्यापासनं?"

"पयल्यापासनं. मीच निवडला. समद्यांना जीभ लावून बघितली आनि मुकाच तेवढा वेचून तुला दिला. चाळीस वरसं निवड करतीया."

बाहेर मांजर पत्र्यावरून गेलं.

"छत्तीस घेवडं चाटलासा, आत्ती?"

"व्हय."

"आनि मग ते बायांनी लावलं."

"पुसून दिलं हुतं मी."

शालनच्या नाकातून एक आवाज आला. तो हसण्याचा की कशाचा, ते पाठीकडून कळेना. "रत्नीला सांगू नका. सुपात घेऊन पाखडंल तुमाला."

"उद्या परत द्यायचाय," आक्का म्हणाली. "समद्यांस्नी खरं मिळत्याल म्हनं, पर कवा ते ठावं न्हाई. तुला नगं असलं तर नगं म्हन. न्हाईतर... विचारायचं हुतं तुला. पयल्यांदा बी विचारायचं हुतं."

शालननं कानामागच्या खळगीवर बोट ठेवलं.

"मग आजपासनं तेल बी न्हाई व्हय?"

"तेलाचा आनि घेवड्याचा काय संबंध?" आक्का खेकसली. "नीट बस. मान खाली कर."

पाव तासाच्या जागी अर्धा तास झाला असेल. मग शालन तिथंच चटईवर कलंडली, कानामागं काही न लावता. आक्का भिंतीला टेकून बसली. झोपली की नुसते डोळे मिटलेत, ते बघायलाच हवं होतं. एका श्वासावरून काही कळत नाही. थोडे आताचे मोजायचे, थोडे मधले, थोडे शेवटचे. तिनं मोजायला घेतले. चाळीसपर्यंत आकडे नीट आले. पुढं कुठंतरी दिगंबरचा लहानपणीचा चेहरा आला, मग एक पांढरा रस्ता आला, आणि मोजायचं राहून गेलं.

जाग आली तेव्हा मावळतीचं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. चटई मोकळी होती, आत भांड्यांचा आवाज येत होता. आक्काच्या डोक्याखाली उशी होती. ती तिनं घेतलेली नव्हती.